सोनाबाईची जागा

मित्रांनो, माझ्यात दहा माणसं बसतात. पुढे तीन, मध्ये तीन आणि मागे समोरासमोरच्या दोन बाकांवर चार. सध्या मात्र मी अगदी रिकामी आहे. कुंभिवलीला हायवेच्या कडेला जुन्या गाड्यांचा एक बाजार आहे, तिथे शेवटच्या रांगेत मी उभी असते. माणसं येतात, लहान लहान गाड्यांची दारं उघडून बघतात आणि माझ्यापाशी आली की म्हणतात, "बाप रे, एवढी मोठी घेऊन करायचं काय?" मी गप्प राहते. गाडीचा हॉर्नसुद्धा दुसऱ्याने दाबावा लागतो, तिथे उत्तर कुठून देणार? पण तुम्ही मुलं आहात, तुम्हाला त्यांच्याएवढी घाई नाही, म्हणून माझी हकिकत तुम्हालाच सांगते.

कारखान्यात माझ्यासारख्या पुष्कळ जन्मतात, त्यामुळे जन्माचं कौतुक मी सांगत नाही. मला पांढरा रंग दिला, तोही असा की लांबून रुग्णवाहिका वाटावी. तिथून मी खोपोलीच्या एका शोरूममध्ये आले. काचेजवळच्या उजेडात पाच जणांच्या देखण्या गाड्या, त्यांच्यामागे सात जणांच्या, आणि अगदी शेवटी भिंतीला टेकून, पाण्याच्या पिंपाशेजारी मी. गिऱ्हाईक माझ्यापर्यंत पोचतच नसे. अंगावर धूळ बसायची आणि ती पुसायलाही कुणाला सवड नव्हती. मला वाटायचं, आपला जन्म बहुतेक या पिंपाशेजारीच जाणार.

एके दिवशी दारात टेंपो थांबला आणि त्यातून माणसंच माणसं उतरली. पळसदरीच्या धरणापलीकडच्या गावातलं ते शेतकरी घर. धाकलू हा घरातला थोरला, सोनाबाई त्याची बायको. धाकटा भाऊ नागू रसायनीला कंपनीत कामाला, त्याची बायको आवडी. दोघांची मिळून पाच मुलं आणि एक म्हातारी आत्या. मोजा बरं, झाली की नाही दहा? गाडी घ्यायला घरातला एखादा माणूस येतो, फार तर दोन. धाकलूने अख्खं घर आणलं होतं, कारण गाडी बसून बघायची आणि सगळ्यांनी एकदम बसून बघायची, असं त्याच्या मनाने घेतलं होतं.

त्यामागे एक कारण होतं. दर वर्षी चैत्रात हे घर कार्ल्याला एकवीरा देवीला जात असे. घराची एकच ओटी असायची, आणि ती थोरल्या सुनेने भरायची ही त्यांची रीत. थोरली सून म्हणजे सोनाबाई. पण ती लग्नाच्या वर्षी एकदा जाऊन आली तेवढीच. पुढे दर वर्षी भाड्याच्या जीपमध्ये एक जागा कमी पडायची, आणि मागे राहायची ती सोनाबाई. खण, नारळ, तांदूळ अशी सगळी ओटी तिने बांधायची आणि आवडीच्या हाती द्यायची. "माझ्या नावानं भर गं," एवढं सांगून ती म्हशीला पाणी दाखवायला गोठ्यात जायची. धाकलूला हे सलत होतं. बोलून दाखवणारा माणूस तो नव्हता, पण भाताचे आणि दुधाचे पैसे तो वर्षानुवर्षं बाजूला टाकत होता.

तर शोरूममध्ये काय गंमत झाली ती ऐका. गाडी नवी कोरी, म्हणून या सगळ्यांनी दाराशी चपला काढल्या! चकचकीत फरशीवर दहा जोड ओळीने. गाडी दाखवणारा टायवाला मुलगा बघतच राहिला. पाच जणांच्या गाडीकडे धाकलूने ढुंकूनही पाहिलं नाही. सात जणांच्या गाडीत सगळी चढली, मुलं मांडीवर घेतली, आत्याला खिडकी दिली, दार लावलं. टायवाला म्हणाला, "बघा अंकल, आरामात मॅनेज होतं!"

धाकलू बाहेर उभा होता. तो म्हणाला, "आन् ही?"

सोनाबाई चपलांजवळ उभी होती. कुणाचा पाय लागू नये म्हणून ती ओळ सरळ करत होती.

"मला काय, मी ऱ्हायन," ती म्हणाली. "चपला कोन बघनार?"

"आज पोरं मांडीवर बसतील, उद्या ती वाढनार नायत का?" धाकलू टायवाल्याला म्हणाला. "मोठी दाखव रं."

दुसरी गाडी, तिसरी गाडी. प्रत्येक वेळी सगळी चढायची आणि सोनाबाई खाली. तिला कुणी ढकलत नव्हतं, हे मला सांगितलंच पाहिजे. तीच सगळ्यांना आधी चढवायची, आत्याचा हात धरायची, मुलांना सरकवायची, आणि मग बघायची तर जागा संपलेली. शेवटी धाकलू पिंपाशेजारी आला. माझं मागचं दार त्याने स्वतः उघडलं. सगळी चढली आणि चालवणाऱ्याची सोडून दाराजवळच्या बाकावर एक जागा उरली. तो सोनाबाईला म्हणाला, "बस." ती लाजत चढली, पदर सावरून बसली आणि हसली. "हीच गाडी," धाकलू म्हणाला. टायवाल्याने ही जुन्या पद्धतीची आहे, डिझेल खाते, वळायला जड आहे, असं प्रामाणिकपणे सांगून पाहिलं. पण धाकलूची निवड झाली होती. मित्रांनो, मला रंगासाठी नाही, वेगासाठी नाही, एका बाईच्या जागेसाठी निवडलं होतं. याचा मला फार अभिमान वाटला.

घरी माझी पूजा झाली. चाकाखाली लिंबू, बॉनेटवर हळदकुंकू, आणि औक्षण सोनाबाईच्या हातचं. गावातली मुलं माझ्याभोवती नाचली. त्याच चैत्रात आम्ही देवीला निघालो. सोनाबाईने हिरवं लुगडं नेसलं होतं, ओटी मांडीवर घेतली होती, आणि ती माझ्या मागच्या बाकावर दाराजवळ बसलीसुद्धा होती. धाकलूने चावी फिरवली. तेवढ्यात नागूची सासू काठी टेकत अंगणात आली. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं, असं म्हणतात ना? इथे घोडं नव्हतं, विहीणबाईच आल्या होत्या.

"देवीला चाललाव तं मला पन न्या," म्हातारी म्हणाली.

आता या घराची आणखी एक रीत होती. देवीला निघालेल्या गाडीने कुणाला 'जागा नाही' म्हणायचं नाही. म्हटलं तर यात्रा फळत नाही, असं तिथले लोक मानतात. धाकलूने स्टिअरिंगवर हात आपटला. नागू म्हणाला, "मी टपावर बसतो," पण घाटात टपावर कोण बसू देणार? तोवर सोनाबाई खाली उतरलीही होती.

"बसा आये, तुमी बसा. मी पुढल्या वर्षी जान. म्हशीची धार कोन काढनार तशी पन?"

ओटी पुन्हा आवडीच्या मांडीवर गेली. त्या दिवशी घाट चढताना माझं मन लागलं नाही.

पुढल्या वर्षी आत्याची नणंद आली. त्याच्या पुढल्या वर्षी शेजारच्या धाऊने बायकोला पाठवलं. अशी ती वर्षं गेली. दहा जणांची गाडी आहे हे गावाला ठाऊक झालं होतं, म्हणून अकरावा माणूस दर वर्षी हमखास यायचा. भाड्याच्या जीपमध्ये कमी पडायची ती जागा माझ्यातही कमीच पडली. मी अजून एक बाक का घेऊन जन्मले नाही, असं मला वाटायचं. पण आता कळतं, मी वीस जणांची असते तरी एकविसावा आला असता.

तशी माझी ती वर्षं मानाची होती. नवरदेव माझ्यातून गेले. अडलेल्या बायकांना मी कर्जतच्या दवाखान्यात वेळेवर पोचवलं. भाताची पोती वाहिली, शाळेची सहल नेली. 'धाकलूची गाडी' म्हटलं की पळसदरीच्या रेल्वे फाटकापासून कुणीही वाट दाखवायचं. सोनाबाईही बसायची माझ्यात, नाही असं नाही. आत्याला दवाखान्यात न्यायचं तेव्हा बसली, कुणाच्या मयतीला जायचं तेव्हा बसली. सुखाच्या वाटेवर मात्र ती कधी माझ्याबरोबर आली नाही.

मग हळूहळू माझ्यातली माणसं कमी होऊ लागली. आत्या गेली. नागूला ये-जा जमेना, म्हणून तो बिऱ्हाड घेऊन रसायनीला राहायला गेला, आणि तिथे त्याने स्वतःची छोटी गाडी घेतली. धाकलूची लेक हर्षला लग्न होऊन पेणकडे गेली. मुलगा साईराज पनवेलला नोकरीला लागला. तिथे फ्लॅट, सुरभी नावाची बायको, सानवी नावाची मुलगी आणि पाच जणांची करड्या रंगाची गाडी. गावातही दारोदार मोटारसायकली झाल्या. माझ्याकडे कुणी येईना. त्यात धाकलूच्या डोळ्यांना काचबिंदू झाला आणि त्याने चावी खुंटीला अडकवली ती अडकवलीच.

अंगणातल्या मांडवाखाली मी उभी राहिले. कोंबड्यांनी माझ्याखाली अंडी घातली, टायरमधली हवा उतरत गेली. घरात दोनच माणसं, तीही फारशी बोलत नसत. दुपारी सोनाबाई माझं मागचं दार उघडायची आणि पायरीवर बसून तांदूळ निवडायची. आत दहा जागा मोकळ्या होत्या, पण ती कधी बाकावर बसली नाही. मधूनच ती रस्त्याकडे बघायची. मीही बघायचे. खरं सांगते, त्या दुपारी मला फार एकटं वाटायचं, आणि तिलाही वाटत असणार, कारण कधी कधी ती तांदळाचं सूप मांडीवर ठेवून नुसतीच बसून राहायची.

गेल्या चैत्राच्या आधी साईराज आला आणि म्हणाला, "बाबा, हिच्या कागदांची मुदत संपत आली. उभ्या उभ्या सडतेय ती. कुंभिवलीला बाजारात देऊन टाकू."

धाकलू म्हणाला, "देऊ. पन एक डाव सगळी हिच्यात बसून देवीला जाऊ. तुझ्या आयेला न्यायाला घेतलेली गाडी हाय ही. ती ऱ्हायलीच."

साईराज कबूल झाला. धाकलूने एकेकाला फोन लावले. नागू म्हणाला, येतो. हर्षला म्हणाली, येते बाबा. सोनाबाईने मला स्वतः धुतलं. बाकांखालची कोंबड्यांची पिसं काढली, काचा कागदाने पुसल्या. धाऊने टायरमध्ये हवा भरली, बॅटरी बदलून आणली, आणि गाडी मीच चालवणार म्हणून सांगून टाकलं. मी पहिल्यांदा सुरू झाले तेव्हा मांडवभर काळा धूर केला, आणि सोनाबाई खोकत खोकत हसली.

तो रविवार उजाडला. आधी नागूचा फोन आला, "दादा, आमी परस्पर कार्ल्याला येतो. एक्सप्रेसवेनं पटकन होतं." मग हर्षलाचा, तिच्या सासरच्या गाडीत जागा होती. शेवटी साईराज आला, पण करडी गाडी घेऊनच. सानवीला गाडी लागते, एसीशिवाय तिला उलटी होते. त्यात त्या पोरीचा काय दोष? "तुम्ही दोघं आमच्यातच या ना," सुरभीने मनापासून म्हटलं. धाकलूने मान हलवली. "आमी हिच्यातनंच येतो. तुमी व्हा म्होरं." करडी गाडी निघून गेली.

अंगणात आम्ही राहिलो चौघं. धाऊ स्टिअरिंगवर, धाकलू त्याच्या शेजारी, आणि सोनाबाई माझ्या मागच्या दाराशी, ओटी छातीशी धरून. दार उघडं होतं आणि ती बाजूला सरून उभी होती. इतक्या वर्षांची सवय. आधी सगळ्यांना चढवायचं आणि मग आपलं बघायचं. पण चढवायला कुणीच नव्हतं.

"सोने, चढ गं," धाकलू म्हणाला.

"थांबा जरा. कुनी येयाचं असंल."

"कोन येनार हाय आता?"

"देवीला निघालेली गाडी हाय. हाक तरी मारून बघा."

मग धाऊने मला गावातून सावकाश नेलं. सोनाबाई माझ्या शेजारून चालत होती. विहिरीपाशी हॉर्न वाजवला, देवळापाशी वाजवला. एक बाई ओट्यावर येऊन म्हणाली, "आमची पोरं सकाळीच गेली गं, गाडीनं." दुसरीने हात हलवून जा म्हटलं. ज्या गावाने मला कधी अकरावा माणूस चुकवला नव्हता, त्या गावात त्या दिवशी चौथा मिळेना. सोनाबाई वेशीपाशी थांबली, तिने एकदा मागे वळून पाहिलं आणि मग ती चढली. दाराजवळच्या बाकावर बसली आणि पदराने डोळे पुसायला लागली. जागा मिळाली होती, पण तिला ती अशी नको होती.

धाकलूने मागे वळून पाहिलं. त्याला तेवढं लांबचं नीट दिसत नव्हतं, तरी त्याला कळलं. "गाडी थांबव रं धाऊ," तो म्हणाला. चाचपडत उतरला, मागे आला आणि तिच्या समोरच्या बाकावर बसला. रिकामी गाडी रस्त्यावर जास्त उडते, म्हणून मी खड्डे चुकवून जमेल तेवढी हळू गेले. घाटात मी दमले, दोनदा थांबून पाणी प्याले, आणि आम्हाला उशीर झाला.

कार्ल्याला बाकीच्या गाड्या खालच्या वाहनतळावरच अडवल्या होत्या. पण आतली म्हातारी माणसं बघून बंदोबस्तावरच्या माणसाने मला वर सोडलं. धाऊने पायऱ्यांपाशी एका झाडाखाली मला उभं केलं. तेवढ्यात समोरून सगळे उतरतच आले. नागू, आवडी, हर्षला, साईराज, सुरभी आणि घामाघूम झालेली सानवी. आवडी धावत पुढे आली.

"ताई, आलात? मी तं ओटी भरली पन. तुमचा पत्ता नाय, फोन लागत नाय, मला वाटलं नेमीसारख्या तुमी घरीच ऱ्हायल्या. खालच्या दुकानातनं खण-नारळ घेतला, आन् तुमच्या नावानं भरली."

तिच्या मनात पाप नव्हतं. इतकी वर्षं तीच भरत आली होती, तिचे हात आपोआप तसे वळले. पण सोनाबाईचा चेहरा मी पाहिला, आणि देवीसमोर सांगते, मला मोठ्याने रडावंसं वाटलं. आता सोनाबाई नेहमीसारखं म्हणणार, बरं केलंस गं, चला जेवायला, असंच मला वाटलं. ती तसं म्हणायला तोंडही उघडत होती.

मग ती उतरली. तिने ओटी पदरात घट्ट धरली.

"मी वर जानार," ती म्हणाली. "माझी ओटी माझ्या हातानं भरनार. तुमी समदी थांबा."

आयुष्यात तिने कुणाला थांबवलं नव्हतं. साईराज म्हणाला, "आई, पायऱ्या खूप आहेत, ऊन बघ." ती म्हणाली, "असू देत." धाकलू तिच्यामागे निघाला, तर तिने त्याचा हात धरला, आणि डोळ्यांनी अधू असलेला तो आणि न थांबणारी ती, दोघं पायऱ्या चढू लागली.

खाली सगळे उन्हात उभे. सावली म्हणाल तर माझीच. आधी सानवी चढली, मग हर्षला, मग एकेक करत सगळे. नागू मधल्या बाकावर बसला आणि म्हणाला, "हितं माझीच जागा होती रं." सुरभी मागच्या दाराजवळच्या बाकावर टेकायला गेली, तशी आवडी म्हणाली, "तिथं नको गं. ती ताईंची हाय." सुरभी सरकली. किती वेळ गेला कोण जाणे, कुणी घाई केली नाही. घोटभर पाणी फिरलं, सानवीला माझ्यात उलटी झाली नाही, आणि ती जागा तशीच मोकळी राहिली.

सोनाबाई उतरली तेव्हा तिच्या कपाळावर ठसठशीत कुंकू होतं आणि हात रिकामे होते. ती दाराशी आली. सवयीने बाजूला सरली, आत बघितलं, आणि आत सगळे आधीच बसलेले होते. आवडीने खाली वाकून तिला हात दिला. धाकलू तिच्यामागून चढला. दार लागलं.

मित्रांनो, तो प्रवास फार लहान होता. पायऱ्यांपासून खालच्या तळापर्यंत, जिथे त्यांच्या त्यांच्या गाड्या उभ्या होत्या, तेवढाच. धाऊने मला पहिल्या गिअरवर ठेवलं आणि मीही अजिबात घाई केली नाही. तळावर सगळे उतरले, आपापल्या गाडीत बसले आणि निघून गेले. परतीच्या घाटात माझ्यात पुन्हा तिघंच होती.

पुढल्या आठवड्यात साईराजने मला इथे आणून सोडलं. सोनाबाई मला निरोप द्यायला मांडवात आली नाही. मला तिचा राग नाही. इथे रात्री हायवेवरून गाड्या जात राहतात, एकही थांबत नाही, आणि माझ्या दहाही जागा थंड पडतात.

मित्रांनो, उद्या तुमच्या घरीही गाडी घ्यायचं ठरेल. तुम्ही रंग बघाल, एसी बघाल, पडद्यावर गाणी लागतात का ते बघाल. बघा, जरूर बघा. जुनी झाली म्हणून तिला अंगणात विसरू नका, अधूनमधून फिरवून आणत जा. आणि माझं एवढं एक ऐका. जागा मोजून गाडी घेतली तरी जागा मिळतेच असं नाही, ती कुणीतरी धरून ठेवावी लागते. म्हणून सगळे चढले की आधी खाली बघा. तिथे कुणीतरी बाजूला सरून उभं असेल. तिला हात द्या. ती नको म्हणेल, घरची सतरा कामं सांगेल. तरी तिला बसवा आणि मगच दार लावा.